रिव्हॉल्व्हरमधलं कुलूप काढून टाकू का?

प्रश्न : मी मेरिलँडमध्ये जर्मनटाउनला राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे. दोन वर्षांपूर्वी घरात असावी म्हणून डीलरकडून स्मिथ अँड वेसनची ३६०पीडी घेतली. हलकी आहे, बायकोलाही जमेल, असं वाटलं होतं. मागच्या महिन्यात रेंजवर .३५७ मॅग्नमच्या गोळ्या झाडताना चौथ्या गोळीनंतर सगळं अडकलं. ट्रिगर हलेना, हॅमर मागे येईना. शेजारच्या लेनवरच्या माणसाने सांगितलं, ‘हे त्या आतल्या कुलपामुळे होतं. ते काढून टाक, भोक बुजवायला ऑनलाइन प्लग मिळतो.’ डीलरला विचारलं तर म्हणाला, बिनकुलपाचं मॉडेल मेरिलँडमध्ये देता येत नाही, आणि कुलूप काढण्याच्या कामाला मी हात लावणार नाही. घरात आठ वर्षांचा मुलगा आहे. दर उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर चार-पाच महिने येतात. कुलूप काढणं बेकायदा आहे का? आणि ते ठेवलं तर ऐनवेळी बंदूक दगा देईल का?

उत्तर : कुलूप काढू नका. याचं कारण कायद्यात जितकं आहे त्याहून जास्त तुमच्या बंदुकीत आणि तुमच्या घरात आहे. आणि रेंजवर जे अडकलं ते कुलपामुळेच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आधी ते तपासू.

डाव्या बाजूला, सिलिंडर उघडण्याच्या बटणाच्या वर एक बारीक गोल भोक आहे. त्याच्याशेजारी ‘एल’ अक्षर आणि बाण कोरलेला दिसेल. त्यात किल्ली फिरवली की आतला छोटा दांडा, ज्याला सगळे ‘फ्लॅग’ म्हणतात, हॅमरच्या, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या घोड्याच्या, डाव्या अंगाने वर येतो, हॅमरच्या खाचेत अडकतो आणि हॅमरला मागे जाऊ देत नाही. हॅमर मागे जात नाही म्हणजे ट्रिगरही ओढला जात नाही. फ्लॅग वर आला की त्यावरचा ‘लॉक्ड’ हा शब्द दिसतो. किल्ली उलट फिरवली की तो खाली बसतो, आणि एक बारीक स्प्रिंग त्याला खालीच धरून ठेवते.

सगळा वाद त्या बारीक स्प्रिंगवर आहे. गोळी सुटते तेव्हा बंदूक झटक्याने मागे आणि वर उचलली जाते, आणि आतला सुटा दांडा जागच्या जागी राहू पाहतो. याच कंपनीच्या पोलादी ६८६ मॉडेलचं वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर असतं, त्यामुळे तिच्यात हा झटका सौम्य असतो. तुमची ३६०पीडी स्कँडियम मिश्रधातूच्या फ्रेमची आणि टायटॅनियम सिलिंडरची आहे, रिकामी असताना जेमतेम १२ औंस, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास. त्यात .३५७ मॅग्नम भरली की झटका कित्येक पटींनी तीव्र होतो. स्प्रिंग कमजोर असेल, सफाईनंतर जोडताना जागेवर नीट बसली नसेल, किंवा खाचेत खिशातली धूळ-धागे साचले असतील, तर फ्लॅग अर्धवट वर येऊन हॅमरच्या वाटेत अडकू शकतो. आपोआप कुलूप लागल्याच्या ज्या तक्रारी आजवर आल्या, त्या मुख्यतः अशाच पंखासारख्या हलक्या मॅग्नम बंदुकांच्या आहेत : तुमची ३६०पीडी, तिची भावंडं, आणि .४४ मॅग्नमची ३२९पीडी, जी सुमारे २५ औंसांची असूनही .४४ मॅग्नम झाडते. पोलादी बंदुकीत .३८ स्पेशल, म्हणजे .३५७ च्या बंदुकीतही चालणारं सौम्य काडतूस, झाडणाऱ्याला ही भीती बाळगायचं कारण फारसं नाही.

म्हणजे तुमच्या बंदुकीत हे होणं शक्य आहे. पण अशाच बंदुकीत दुसरा एक बिघाड कुलपापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो आणि त्याचं खापर कुलपावर फुटतं. झटक्याने सिलिंडरमधल्या अजून न झाडलेल्या काडतुसांची कवचं मागे खेचली जातात आणि शिशाची गोळी कवचातून पुढे सरकते. याला क्रिम्प जंप म्हणतात. गोळीचं टोक सिलिंडरच्या तोंडाबाहेर आलं की ते नळीच्या मागच्या कडेवर आपटतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. सिलिंडर फिरत नाही म्हणून ट्रिगर हलत नाही, आणि हॅमरही मागे येत नाही. चार गोळ्या सुटल्यावर अडकणं हे याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे, कारण पाचव्या काडतुसाने तोवर चार झटके खाल्लेले असतात.

दोन्हींतला फरक ओळखायला किल्ली लागत नाही, डोळे पुरतात. पुन्हा कधी असं झालं तर नळी निशाणाच्या दिशेलाच ठेवा, बोट ट्रिगरबाहेर काढा आणि निदान ३० सेकंद थांबा, कारण एखादी गोळी उशिरा सुटू शकते. मग हॅमरच्या डाव्या बाजूला बघा. फ्लॅग वर आला असेल, ‘लॉक्ड’ अर्धवटसुद्धा दिसत असेल, तर कुलूप. फ्लॅग पूर्ण खाली असेल तर बंदूक आडवी न फिरवता सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीत बाजूने बघा. तिथे गोळीचं टोक अडलेलं दिसेल. टोकही नसेल तर तिसरी शक्यता उरते : रिकामी कवचं बाहेर ढकलणाऱ्या एजेक्टरच्या ताऱ्याखाली जळलेल्या बारुदाचे कण अडकले असतील, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची पेट घेणारी टोपी) नीट खोल बसला नसेल, किंवा एजेक्टर रॉड सैल होऊन पुढच्या टोकाला घासत असेल. सिलिंडर उघडेना तर जबरदस्ती करू नका. रेंज ऑफिसरला बोलवा. भरलेली बंदूक हातोडीने उघडायचे प्रयोग लोक करतात, तुम्ही करू नका.

क्रिम्प जंप मोजायची साधी पद्धत आहे. पाच काडतुसं घ्या आणि एकाची पूर्ण लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. .३५७ मॅग्नमची जास्तीत जास्त मान्य लांबी १.५९० इंच असते. ते काडतूस शेवटी येईल असं भरा, चार गोळ्या झाडा, पाचवं काढून पुन्हा मोजा. लांबी हजारांश इंचांच्या पलीकडे, डोळ्यांना जाणवेल इतकी वाढली असेल, तर ती गोळी या बंदुकीसाठी बाद. मोजलेलं काडतूस पुन्हा भरू नका. ज्यांना जॅकेट, म्हणजे धातूचं आवरण, नाही अशा उघड्या शिशाच्या गोळ्या इथे लवकर सरकतात. तुमच्या नळीवर ‘१२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी नको’ (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) अशा अर्थाची सूचना कोरलेली असेल, तीही पाळा. टायटॅनियम सिलिंडर जपण्यासाठी ती आहे.

कुलपाची चाचणी याच वेळी होते. हॅमर खाली असताना फ्लॅगच्या वरच्या कडेशी फ्रेमवर बारीक मार्कर-पेनने एक रेघ ओढा. त्यात भरायची तीच गोळी पन्नास झाडा आणि दर पाच गोळ्यांनंतर रेघ बघा. फ्लॅग एकदाही हलला नाही तर तुमच्या बंदुकीपुरती काळजी बरीच कमी झाली. केसभर जरी वर आला तर ती बंदूक त्या गोळीसह घरात बचावासाठी ठेवायची नाही, वाद संपला. यात एक गोष्ट लक्षात घ्या : ४४२ आणि ६४२ यांसारख्या झाकलेल्या हॅमरच्या मॉडेलांत हा दांडा बाहेरून दिसतच नाही. तिथे ही पाहणी होत नाही. तुमची उघड्या हॅमरची आहे हे या बाबतीत बरं.

फ्लॅग दोषी निघाला तर दुरुस्ती कारखान्याची. कंपनीला फोन करा. पहिल्या खरेदीदाराला तिची सेवा-हमी असते, आणि बंदूक पाठवायचं लेबल तेच देतात. दुरुस्तीसाठी मालकाने बंदूक थेट कारखान्याला पाठवणं आणि कारखान्याने ती थेट मालकाला परत करणं संघराज्याच्या कायद्यात चालतं, मध्ये डीलर लागत नाही. स्वतःच्या मनाने पोस्टात मात्र टाकू नका. पाठवताना काय झालं ते लिहा : गोळीचा मेक, वजन, कितव्या गोळीला, फ्लॅग कुठे होता. ‘जाम होते’ एवढंच लिहिलं तर तपासून ‘ठीक आहे’ म्हणून परत येते.

आता प्लगचं. तो बाजारात मिळतो, हे खरं. पण कुलूप काढणं म्हणजे बाजूची पट्टी उघडून हॅमरच्या शेजारचे भाग हलवणं, आणि जिथे एका बारीक स्प्रिंगच्या चुकीने बिघाड होतो असं आपण म्हणतोय, तिथेच घरगुती स्क्रूड्रायव्हरने हात घालणं. एका बिघाडाच्या भीतीने दुसरा बिघाड ओढवून घ्यायचा हा मार्ग आहे. सेवा-हमीही धोक्यात येते.

डीलर म्हणतो ते का, हेही समजून घ्या. मेरिलँडच्या सार्वजनिक सुरक्षा संहितेचं कलम ५-१३२ डीलरला बांधतं : १ जानेवारी २००३ पासून पुढे बनलेलं हँडगन अंगभूत यांत्रिक सुरक्षा-यंत्रणेशिवाय त्याने विकायचं नाही. हा कायदा सन २००० मध्ये झाला, आणि अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांतच अशी अट आहे. म्हणून कंपनीने २०२४ मध्ये ४४२ आणि ६४२ च्या ‘अल्टिमेट कॅरी’ आवृत्त्या बिनकुलपाच्या काढल्या तेव्हा शेजारच्या राज्यांत त्या सहज मिळाल्या आणि तुमच्याकडचे डीलर मान हलवत बसले.

हे कलम विक्रेत्याला लागतं. विकत घेतलेल्या बंदुकीतलं कुलूप मालकाने काढलं तर तो या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही, आणि संघराज्याच्या कायद्यातही मालकाला तशी बंदी नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे. पण पुढचा भाग लेनवरच्या सल्लागाराने सांगितला नसेल. मेरिलँडमध्ये दोन खासगी व्यक्तींतला हँडगनचा व्यवहारही डीलर किंवा राज्य पोलीस यांच्यामार्फतच होतो. कुलूप काढलेली तुमची ३६०पीडी उद्या विकायची झाली, किंवा डीलरकडे ठेवून बदल्यात दुसरी घ्यायची झाली, तर तिथे अडकेल. काढलेले भाग जपून ठेवले नसतील तर त्या बंदुकीचं काय करायचं हा प्रश्न तुमच्याच गळ्यात.

दुसरा धोका दिवाणी दाव्याचा आहे. घरात घुसलेल्यावर गोळी झाडावी लागली तर प्रश्न बळाचा वापर योग्य होता का हा असतो. कुलूप होतं की नव्हतं याने तो निकाल बहुधा फिरत नाही. ‘सरकारी वकील प्लग दाखवून तुम्हाला आत टाकेल’ ही दुकानात सांगितली जाणारी गोष्ट त्या प्रसंगात फार ताणलेली आहे. पण बंदूक चुकून सुटली, मुलाच्या किंवा पाहुण्याच्या हातात गेली आणि कोणी जखमी झालं, तर चित्र वेगळं. तेव्हा ‘कारखान्याने दिलेली सुरक्षा-यंत्रणा यांनी पैसे देऊन काढली’ हे एक वाक्य समोरच्या वकिलाला पुरतं.

उलट, यंत्रणा वापरली तर कायदा तुमच्या बाजूला थोडा झुकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २६ ऑक्टोबर २००५ ला सही झालेल्या बंदूक-व्यवसाय संरक्षण कायद्यातच ‘चाइल्ड सेफ्टी लॉक’चा भाग आहे. त्याने परवानाधारक डीलरवर बंधन घातलं : हँडगन देताना सुरक्षित साठवणीचं किंवा कुलपाचं साधन सोबत द्यायचंच. आणि मालकाला एक कवच दिलं : ताबा कायदेशीर असेल, बंदूक साधनाने निकामी करून ठेवली असेल, आणि दुसऱ्याने परवानगीशिवाय हात घातला, तर त्या दुसऱ्याच्या कृत्यासाठी मालकावरच्या विशिष्ट दिवाणी दाव्यांपासून संरक्षण. व्याख्येत बाहेरचं ट्रिगर-लॉक, बंदुकीत बसवलेली यंत्रणा आणि कुलपाची पेटी तिन्ही बसतात. कवचाला भोकंही आहेत : अयोग्य माणसाच्या हाती जाणूनबुजून बंदूक दिली, किंवा साठवणुकीचा राज्याचा कायदा मोडला आणि त्या मोडण्यालाच निष्काळजीपणा मानला गेला, तर ते लागू होत नाही. म्हणजे राज्याचा नियम पाळल्याशिवाय केंद्राच्या नियमाचा फायदा मिळत नाही.

मेरिलँडचा साठवणुकीचा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून कडक झाला. १८ वर्षांखालचं मूल एकटं असताना पोहोचू शकेल अशी जागा आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं होतं, तर तिथे भरलेली बंदूक ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे. आधी ही मर्यादा १६ वर्षांची होती. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणजे पुढची दहा वर्षं हा नियम तुमच्या घरात राहायला आलेला आहे. त्याच्या मित्रांचीही गणना करा. ते वाढदिवसाला येतात आणि कपाटं त्यांना तुमच्यापेक्षा लवकर माहीत होतात.

मग आतलं कुलूप लावलं की झालं का? नाही, आणि इथे एक गोष्ट ऐकून धक्का बसेल. स्मिथ अँड वेसनच्या या कुलपाची किल्ली बंदुकीगणिक वेगळी नसते. एकाची किल्ली दुसऱ्याला लागते. टॉरसच्या हॅमरवरच्या कुलपाचंही तसंच आहे. जिज्ञासू लहान मुलाला थोपवायला ते पुरतं. चोराला, किंवा तीच किल्ली असलेल्या मित्राला नाही. शिवाय किल्ली जिथे टांगता तिथेच कुलपाची खरी ताकद संपते. घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, गाडीच्या किल्लीशेजारी, दाराजवळच्या हुकवर असेल तर कुलूप लावलं म्हणणं निव्वळ सोपस्कार.

म्हणून घरासाठी क्रम असा ठेवा. पहिली गोष्ट पोलादी छोटी पेटी, कपाटाच्या तळाला किंवा पलंगाच्या चौकटीला आतून लॅग बोल्टने पक्की केलेली. बोल्टशिवाय पेटी म्हणजे चोराला हँडलसकट दिलेली भेट. अंकांची यांत्रिक बटणं असलेली पेटी निवडा; बॅटरी संपायची भीती नाही. बोटाच्या ठशावर उघडणारी घ्यायची असेल तर एक प्रकरण लक्षात ठेवा : २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे ६१ हजार बायोमेट्रिक पेट्या परत मागवाव्या लागल्या, कारण ठसा नोंदवल्यासारखा वाटूनही त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या. आणलेल्या दिवशीच बायकोचं, मुलाचं, शेजाऱ्याचं बोट लावून बघा. एकही उघडलं तर दुकानात परत.

आतलं कुलूप मग दुसरा थर. बंदूक आठवडाभर बाहेर काढायची नसेल तेव्हा : नळी सुरक्षित दिशेला, सिलिंडर उघडा, पाचही कप्पे बघा आणि बोटाने चाचपा, सिलिंडर बंद, हॅमर पूर्ण खाली, मग किल्ली. हॅमर खाली नसेल तर कुलूप लागत नाही, त्यामुळे जबरदस्ती करायची नाही. किल्लीची टोकं मोडतात. भरलेल्या बंदुकीला आतलं कुलूप लावून ‘सुरक्षित’ म्हणू नका, कधीच. रात्री बचावासाठी जी तयार ठेवायची ती पेटीत, कुलपाविना. रात्री दोन वाजता काळोखात एवढ्याशा भोकात किल्ली बसवणं कोणालाही जमत नाही, आणि तो सराव करायचीही गरज नाही, कारण तो काळ पेटीच्या बटणांचा आहे. घरात बचावाची बंदूक कुलूपबंद आणि निकामीच ठेवली पाहिजे, ही वॉशिंग्टन डीसीची अट सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात रद्द केली. त्यामुळे बचावासाठी तयार बंदूक ठेवायचा हक्क आहे, आणि ती मुलापासून दूर ठेवायची जबाबदारीही आहे. पेटी दोन्ही सांभाळते.

आई-बाबांचा मुद्दा तुम्ही सहज लिहिलात, पण पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेत बंदूक किंवा गोळी ताब्यात ठेवायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. व्हिजिटर व्हिसा, विद्यार्थी, एच-१बी, एच-४ सगळे यात येतात; शिकारीचा वैध अमेरिकी परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत. हौसेने बाबांना रेंजवर नेऊन ‘दोन गोळ्या झाडून बघा’ म्हणणं हे फोटोसाठी छान, कायद्यासाठी वाईट. मनाई असलेल्या माणसाच्या हाती जाणूनबुजून देणाऱ्यावरही गुन्हा होतो. त्यामुळे उन्हाळ्यात पेटीचा अंक आई-बाबांना सांगायचा नाही, किल्ली त्यांच्या खोलीतल्या खणात ठेवायची नाही, आणि ‘आम्ही दोघं ऑफिसला गेलो तर घरात काही झालं तर…’ ही योजना त्यांच्याभोवती आखायची नाही. ते दुखावतील असं वाटत असेल तर सरळ सांगा की इथे कायदा असा आहे. मोठ्यांना कारण कळलं की सहसा त्रास होत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. राज्याबाहेर गाडीने नेताना आतलं कुलूप हे ‘कुलूपबंद पेटी’ म्हणून धरलं जात नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना संरक्षण हवं तर बंदूक रिकामी आणि प्रवाशांच्या हाताबाहेर हवी. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत ती कुलपाच्या पेटीत, आणि ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा मधला कन्सोल त्यात मोजत नाहीत. विमानात फक्त चेक-इन सामानात, रिकामी, कडक आणि कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून. आतल्या कुलपाचा यात काही उपयोग नाही. आणि डीसी तुमच्या घरापासून जवळ असलं तरी तिथले नियम वेगळे. काही कामाला जाताना बंदूक घरीच ठेवा.

आता खरा सल्ला, जो तुम्ही विचारला नाही. ही बंदूक तुमच्या घरासाठी चुकीची आहे. ३६०पीडी ही दिवसभर अंगावर वागवायची आणि क्वचित झाडायची वस्तू आहे. घरच्या कपाटात ठेवायच्या बंदुकीचं वजन कमी असण्याचा फायदा कोणालाच नाही. तोटा मात्र झाडणाऱ्याला दर गोळीला होतो, आणि बायकोला ती जमेल म्हणून घेतली असेल तर तिला पहिल्या पाच गोळ्यांनंतर दुसऱ्यांदा हात लावावासा वाटणार नाही. त्याऐवजी घ्या तीन-चार इंची नळीची, पोलादी, सहा गोळ्यांची, आणि त्यात .३८ स्पेशल प्लस-पी, म्हणजे थोड्या जास्त दाबाची .३८. झटका कमी, फ्लॅग हलायचा प्रश्न जवळपास मिटतो, क्रिम्प जंप होत नाही, आणि नेम लागतो. मेरिलँडमध्ये स्मिथची घेतली तरी कुलूप असेल, आणि त्या वजनात ते असू द्या. छोटीच हवी असेल तर रुगरच्या एलसीआरमध्ये कुलूप ग्रिपखाली झाकलेलं असतं, रोजच्या धुळीपासून आणि बोटांपासून दूर. वापरायला ग्रिप काढावी लागते, म्हणून लोक ते विसरूनही जातात. पेटी वापरणाऱ्याला ते परवडतं.

तोवर ३६०पीडीमध्ये .३५७ भरायचं थांबवा. .३८ स्पेशल प्लस-पी, जॅकेट असलेली, १२० ग्रेनहून जड. .३५७ पेक्षा झटका इतका कमी की बहुतेकांची ‘कुलपाची’ तक्रार तिथेच मिटते. वर सांगितलेली पन्नास गोळ्यांची चाचणी आणि कॅलिपर याच गोळीने करा.

सुट्टीत महिनाभर भारतात जाणार असाल तर गोळ्या वेगळ्या पेटीत, बंदूक रिकामी, आतलं कुलूप लावलेलं, पोलादी पेटीत. दोन किल्ल्यांपैकी एक पेटीच्या बाहेर, तुमच्याच सामानात. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. मॉडेल आणि सिरियल नंबर कागदावर लिहून फोटोसह घराबाहेर ठेवा, कारण चोरी झाली तर पोलिसांचा पहिला प्रश्न तोच असतो.